सुई ठेवायची जागा

१४ एप्रिलला भडकल गेटकडे निघालेली मिरवणूक असो, राजाबाजारातल्या संस्थान गणपतीचे विसर्जन असो की शिवजयंतीचा क्रांती चौक असो, छत्रपती संभाजीनगरात ट्रकवर रचलेल्या स्पीकरच्या भिंती सगळ्यांना दिसतात. त्या भिंतीमागे, ताडपत्रीच्या आडोशाला बसलेला मुलगा फारसा कुणाला दिसत नाही. त्याच्यासमोर लॅपटॉप असतो, लॅपटॉपला जोडलेला कंट्रोलर असतो आणि कंट्रोलरच्या दोन्ही बाजूंना रबरी बटणांच्या रांगा असतात. एक बटण दाबले की गाणे मधूनच, हलगी जिथे एकटी कडाडते नेमके तिथून सुरू होते. दुसरे दाबले की थेट ध्रुपदाच्या तोंडावर येते. गर्दी उसळते ती या उडीमुळे.

या जागेला डीजे लोक क्यू पॉइंट म्हणतात. गाणे जिथून हातात घ्यायचे, ती जागा. आज ती बटणात साठवता येते, पण तिचा जन्म बटणाच्या खूप आधीचा आहे. काळ्या व्हिनाइलवर मेणाच्या पेन्सिलीने ओढलेली रेघ, लेबलवर चिकटवलेला कागदाचा तुकडा आणि त्याही आधी रेडिओच्या स्टुडिओत नुसत्या कानाने धरलेला पहिला सूर, अशी तिची वाटचाल आहे. मिरवणुकीतला आवाज किती मोठा असावा, यावर आपल्या शहरात दर वर्षी वाद होतो आणि तो व्हायलाच हवा. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतच घालून दिलेली आहे. पण गाणे कुठून वाजवायचे, याबद्दल कुणी बोलत नाही. माझ्या मते डीजेचे खरे काम तिथे आहे, आणि ते समजून घ्यायला तबकडीइतकी चांगली शाळा नाही.

मिलिमीटर आणि अंश

तबकडीच्या एका बाजूवर एकच खाच असते. बाहेरच्या कडेपासून सुरू होऊन ती वळत वळत लेबलापर्यंत जाते. एलपी मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात. वीस मिनिटांच्या बाजूवर असे साडेसहाशेहून अधिक फेरे असतात आणि ते साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास रुंदीत बसवलेले असतात. म्हणजे एका मिलिमीटरमध्ये सात-आठ फेरे. सुई ठेवताना हात एक मिलिमीटर चुकला, तर गाणे तेरा-चौदा सेकंद पुढे किंवा मागे जाते.

आता दुसरी बाजू पाहू. फेऱ्याचे ३६० अंश १.८ सेकंदांत संपतात, म्हणजे एक अंश सेकंदाच्या दोनशेव्या भागाएवढा. घड्याळाच्या तबकडीवर एका तासाचे जे अंतर, तेवढे व्हिनाइल फिरवले तर ०.१५ सेकंद सरकतात. थोडक्यात, केंद्रापासूनचे अंतर गाण्यातला कितवा सेकंद ते ढोबळपणे सांगते आणि कोन तो क्षण अचूक सांगतो. खूण करायची ती या दोन्हींची. एक खूण फेरा दाखवते, दुसरी फेऱ्यातली जागा. ज्याला हे उमगले, त्याच्या हाती तबकडी नकाशासारखी येते.

हा नकाशा डोळ्यांनाही वाचता येतो. तबकडी दिव्याखाली तिरकी धरली की मोठ्या आवाजाचे पट्टे करडे, खरखरीत दिसतात आणि शांत भाग काळे, गुळगुळीत दिसतात. वाद्यमेळ थांबून फक्त ताल उरतो, तिथे रंग बदलतो. दोन गाण्यांच्या मधली चकचकीत रेघ तर लहान मुलालाही दिसते. सराईत हात आधी हा रंग पाहतो, सुई त्या पट्ट्याच्या जरा अलीकडे ठेवतो आणि मग उरलेले अंतर कानाने कापतो.

लय आणि फेरा यांचे गणितही सुंदर आहे. मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत एलपीच्या एका फेऱ्यात बरोबर तीन मात्रा बसतात. म्हणजे सहा मात्रांच्या दादऱ्याचे एक आवर्तन बरोबर दोन फेऱ्यांत संपते आणि सम दर वेळी घड्याळातल्या त्याच काट्यावर येते. लय १३३ च्या किंचित वर गेली की एका फेऱ्यात चार मात्रा येतात आणि आठ मात्रांचा केरवा दोन फेऱ्यांत पुरा होतो. मधल्या लयींत सम दर आवर्तनाला थोडी पुढे सरकते, पण ठराविक अंतरानेच सरकते. तबल्याच्या साथीत वाढलेल्या कानाला हे नवीन शिकवावे लागत नाही. सम कुठे आहे हे त्याला माहीत असते. ती तबकडीवर कुठल्या कोनात आहे, एवढेच पाहायचे उरते.

अक्षता पडण्याआधी

आपल्याकडे ही जागा शोधण्याचे काम सर्वांत आधी रेडिओने केले. निजामाच्या राज्यात डेक्कन रेडिओचे केंद्र हैदराबादला होते, तसे औरंगाबादलाही, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरलाही, होते. स्वातंत्र्यानंतर संस्थानांतली जी पाच केंद्रे ऑल इंडिया रेडिओत आली, त्यांत म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद आणि बडोद्याच्या जोडीला औरंगाबादचे नाव आहे. हैदराबाद आणि औरंगाबादचे हस्तांतर १ एप्रिल १९५० ला झाले. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला ऑल इंडिया रेडिओची अवघी सहा केंद्रे आली होती, हे लक्षात घेतले की आपल्या शहराचे हे स्थान किती मोठे होते ते कळते. आज जालना रोडवरच्या आकाशवाणी चौकातून रोज जाणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल?

रेडिओच्या बूथमध्ये उद्घोषकासमोर क्यू शीट असते: कितीला काय, कुठली तबकडी, कुठली बाजू, कितवे गाणे. एक तबकडी प्रसारणावर चालू असताना दुसरी तयार ठेवायची. हेडफोन कानाला लावून पहिला सूर शोधायचा. तो सापडला की तबकडी हाताने उलटी फिरवून पाव ते अर्धा फेरा मागे न्यायची आणि धरून ठेवायची. मागे न्यायचे कारण यंत्रातच आहे. थांबलेली जड थाळी पूर्ण वेग घ्यायला क्षणभर वेळ घेते. सुई थेट पहिल्या सुरावर ठेवून मोटर सुरू केली, तर तो सूर खालून रडत वर येतो. पाव फेऱ्याची ती कोरी वाट वेग घेण्यासाठी असते. एलपीवर पाव फेरा म्हणजे ०.४५ सेकंद. ७८ च्या तबकडीवर पूर्ण फेराच पाऊण सेकंदाचा, म्हणून तिथे अर्धा फेरा लागतो. उद्घोषकाचे वाक्य संपते, फेडर वर जातो आणि गाणे मधे श्वास न सोडता सुरू होते. ऐकणाऱ्याला यातले काहीच कळत नाही, आणि ते न कळणे हेच त्या कामाचे यश.

चित्रपटगीतांनी हे काम कितीतरी पटींनी वाढवले. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहितीमंत्री झाले आणि ऑल इंडिया रेडिओवरून चित्रपटसंगीत जवळजवळ हद्दपार झाले. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली, तेव्हा ते संगीत परतले आणि त्याबरोबर साडेतीन मिनिटांच्या गाण्यांची रीघ आली. तासाला चौदा-पंधरा गाणी म्हणजे चौदा-पंधरा वेळा जागा शोधणे, मागे फिरवणे, धरणे, सोडणे. ‘आपली आवड’सारख्या कार्यक्रमात गावोगावच्या नावांची यादी वाचता वाचता हाताने हे सगळे करायचे. हे करणाऱ्यांना कुणी डीजे म्हटले नाही. पण डीजेचे हातकाम तेच करत होते.

रेडिओच्या स्टुडिओबाहेर तेच काम लाउडस्पीकरवाला करत होता. मराठवाड्यातल्या साठ-सत्तरच्या दशकांतल्या लग्नांत मांडवाच्या कोपऱ्यात टेबल, टेबलावर रेकॉर्ड प्लेअर आणि अ‍ॅम्प्लिफायर, आणि बाहेर झाडाला बांधलेला कर्णा, हे दृश्य ठरलेले होते. मंगलाष्टके संपत आली की त्याचा हात सुईच्या दांड्यावर जायचा. शेवटच्या ‘सावधान’नंतर अक्षता पडल्या की सनई लगेच वाजली पाहिजे, दोन सेकंदांची खरखर आली तरी तो क्षण सांडला. त्याच्याकडे हेडफोन नव्हता. तबकडीच्या कडेवरची सुरुवातीची कोरी खाच किती फेऱ्यांची आहे, हे त्याला सवयीने माहीत असे. काही जण लेबलवर पेनाने फुली मारत, काही जण चांगल्या गाण्यासमोर टिंब देत. अशा फुल्या-टिंबांच्या तबकड्या आजही जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात जुन्या सामानाच्या ढिगातून हाती लागू शकतात. माल पाहताना लोक त्या खुणांना डाग समजतात. मला त्या एका कारागिराच्या नोंदी वाटतात.

ब्रॉंक्समधली रेघ

खुणेला कलेचा दर्जा मिळाला तो न्यूयॉर्कमध्ये. १९७० च्या सुमारास ‘सँक्चुअरी’ या क्लबमध्ये फ्रान्सिस ग्रासो हा डीजे एका गाण्यातून दुसऱ्यात खंड न पाडता जात होता. खालची थाळी फिरत असताना वरची तबकडी बोटाने अडवून धरायची आणि ठोक्यावर सोडायची, ही त्याची रीत. रेडिओतल्या लोकांना ती आधीपासून ठाऊक होती. ग्रासोने ती नाचणाऱ्यांसमोर आणली. थाळी आधीच वेगात असल्याने पाव फेऱ्याची वाट लागत नाही, तबकडी सोडली की सूर जवळजवळ लगेच सरळ येतो.

पुढची पायरी ब्रॉंक्सची. ११ ऑगस्ट १९७३ ला १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीतल्या पार्टीत जमैकाहून आलेल्या क्लाइव्ह कॅम्पबेलने, म्हणजे कूल हर्कने, तबकड्या वाजवल्या. त्याच्या लक्षात आले होते की लोक सर्वांत जास्त नाचतात ते गाणे थांबून फक्त ड्रम उरतात त्या तुकड्यावर. एकाच तबकडीच्या दोन प्रती घेऊन तो हा तुकडा आलटून पालटून लांबवू लागला. पण सुई तो अंदाजाने टाकत असे, आणि ठोका दर वेळी जुळत नसे.

ही उणीव भरून काढली जोसेफ सॅडलर या तरुणाने. बार्बाडोसमध्ये जन्मलेला, ब्रॉंक्समध्ये वाढलेला, व्यावसायिक शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला हा मुलगा पुढे ग्रँडमास्टर फ्लॅश म्हणून ओळखला गेला. त्याने तीन गोष्टी केल्या. लोकांना न ऐकवता दुसरी तबकडी स्वतः आधी ऐकता यावी म्हणून मिक्सरला जोडायचा स्विच स्वतः तयार केला. तबकडी थाळीवरून सहज सरकावी म्हणून खाली पातळ, ताठ केलेले फेल्टचे कापड घातले. आणि तबकडीवर रंगीत खडूने रेघ ओढून तिला घड्याळ मानले. तुकडा सुरू होतो तेव्हा रेघ बारावर आहे. तुकडा संपेपर्यंत ती अमुक वेळा बारावरून गेली. म्हणजे तितके फेरे उलटे फिरवले की पुन्हा सुरुवात. सोळा मात्रांचा तुकडा १०० च्या लयीत ९.६ सेकंद चालतो, म्हणजे पाच पूर्ण फेरे आणि वर एक तृतीयांश. बोटाने पाच फेरे मागे, मग चारवरून बारावर. एवढे जमले की ड्रमचा तो तुकडा हवा तितका वेळ, एकही मात्रा न सांडता चालवता येतो. १९८१ मध्ये आलेल्या त्याच्या ‘अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ ग्रँडमास्टर फ्लॅश ऑन द व्हील्स ऑफ स्टील’ या तबकडीत हे कसब ऐकायला मिळते. ती त्याने इतर तबकड्या वापरूनच घडवली आहे.

तबकडीच्या खाचांवर हात लावायचा नाही, हा तोवरचा शिष्टाचार होता. फ्लॅशने तो मोडला, पण बेफिकिरीने नाही. कुठे हात ठेवला तर खाच सुरक्षित राहते, हे त्याने आधी अभ्यासले. त्याच परिसरातला ग्रँड विझर्ड थिओडोर तर नुसत्या नजरेने सुई नेमक्या खाचेत टाकू लागला. रेघेवरचा विश्वास आणि नजरेवरचा विश्वास, या दोन्ही परंपरा तेव्हापासून शेजारी शेजारी चालत आल्या आहेत.

या सगळ्याला यंत्राची साथही तशीच मिळाली. जपानच्या टेक्निक्स कंपनीने १९७२ मध्ये एसएल-१२०० हे टर्नटेबल आणले. पट्ट्याऐवजी मोटर थेट थाळीला जोडलेली असल्याने ते लगेच वेग घेते आणि बोटाने तबकडी अडवली तरी खालची थाळी डगमगत नाही. १९७९ च्या सुमारास आलेल्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत वेग ८ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करायची सरकपट्टी आली. वेग बदलला की सेकंद बदलतात, कोन बदलत नाही. म्हणून एकदा केलेली खूण कुठल्याही वेगाला चालते.

खूण करायची कशी

ज्यांना हे करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी रीत सांगतो. आधी गाणे पूर्ण ऐकावे, सुई न उचलता. जागा पहिल्या ऐकण्यात ठरवू नये. नवख्याला गाण्यातला सर्वांत गाजलेला तुकडा हवा असतो. मुरलेला डीजे त्या तुकड्याच्या अलीकडची, अपेक्षा निर्माण करणारी जागा घेतो.

जागा ठरली की हेडफोनमध्ये ऐकत तबकडी हाताने हळू मागे-पुढे फिरवावी. ठोका मंद फिरवताना ‘धप्प’ असा जाड येतो आणि त्याच्या लगेच आधी शांतता असते. त्या शांततेच्या कडेवर थांबावे. आता लेबलवर, मधल्या खुंटीपासून बाहेर, कागदी टेपची बारीक पट्टी अशी लावावी की ती थेट सुईकडे किंवा थेट बाराकडे बोट दाखवेल. सुईकडे की बाराकडे, हे एकदा ठरवावे आणि आपल्या सगळ्या तबकड्यांना तेच ठेवावे. गडबडीच्या रात्री दोन पद्धती एकमेकांत मिसळल्या की हात गोंधळतो. पट्टी लेबलवरच राहू द्यावी. खाचेवर डिंक आला तर तो सुईला लागतो आणि पुढची प्रत्येक तबकडी त्याची किंमत मोजते.

फेरा नेमका सापडावा म्हणून काही कसलेले डीजे छोटी गोल चिकटपट्टी खाचांवर अशा बेताने लावतात की सुई तिच्या कडेला टेकून हव्या त्या खाचेत उतरते. हे धाडसाचे काम आहे आणि त्यासाठी वापरायची प्रत वेगळी ठेवावी. साध्या वापराला लेबलवरची रेघ आणि कव्हरवर पेन्सिलीने लिहिलेली नोंद पुरते: बाजू, गाणे, लय, सुरुवातीपासून किती सेकंद, रेघ कितीवर.

बीबीसीतही ध्वनिपरिणामांच्या तबकड्यांवर मेणाच्या पिवळ्या पेन्सिलीने खुणा करत. दाराचा आवाज नाटकातल्या संवादाला नेमका जुळवायचा, म्हणून. काळ्यावर पिवळे उठून दिसते आणि कापडाने पुसले जाते. आजही ती पेन्सिल सर्वांत उत्तम.

आपल्या तबकड्यांची अडचण

परदेशी डीजेला मिळाली ती सोय आपल्या तबकड्यांनी फारशी दिली नाही. १९७६ मध्ये ‘टेन पर्सेंट’ या गाण्याची बारा इंची तबकडी अमेरिकेत बाजारात आली आणि तिथून एका बाजूला एकच गाणे, रुंद खाचा, ठोक्यांची लांब सुरुवात असा नाचाच्या तबकडीचा साचाच पडला. आपल्याकडे चित्रपटाची पाच-सहा गाणी एका एलपीवर दाटीवाटीने बसवत. बाजू लांबली की खाचा बारीक आणि जवळ जवळ येतात. आवाज दबतो, सुई ठेवायला जागा कमी मिळते. सात इंची ईपीवर तर हात फिरवायलाच जागा नाही.

दुसरी अडचण लयीची. मुंबईच्या स्टुडिओत साठ-सत्तर वादक एकत्र वाजवत, तेव्हा लय माणसे सांभाळत होती. अंतऱ्यात ती किंचित चढते, ध्रुपदाला परत येताना स्थिरावते. ऐकताना ही चढउतार गोड लागते, पण दोन तबकड्या जोडताना ठोके वीस सेकंदांत सुटतात. अशा वेळी डीजेला तबकडीच्या कडेवर बोट टेकवून सतत मागे-पुढे करावे लागते. म्हणूनच हिंदी-मराठी तबकड्यांवर काम केलेला हात कुठल्याही तबकडीवर चालतो, असे मी मानतो.

ऐंशीच्या सुरुवातीला चित्र बदलू लागले. १९८० च्या ‘कुर्बानी’तले ‘आप जैसा कोई’ बिद्दूने लंडनमध्ये केले. पाठोपाठ १९८१ मध्ये नाझिया हसनचा ‘डिस्को दीवाने’ आला. या गाण्यांत ठोका पहिल्यापासून शेवटपर्यंत एका जागी उभा आहे. मुंबईतल्या हॉटेलांच्या डिस्कोथेकमध्ये परदेशी तबकड्यांच्या बरोबरीने ती चालली. आणि १९८२ मध्ये मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी दहा रागांना डिस्कोचा ठोका दिला. त्यांनी वापरलेली रोलँडची ८०८ आणि ३०३ ही यंत्रे पुढे जगभरच्या नाचाच्या संगीताचा कणा ठरली. त्यांची तबकडी तेव्हा फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा जगभरच्या डीजेंनी ती उचलली. यंत्राच्या ठोक्यामुळे तिच्यावर खूण करणे सोपे आहे. राग ज्या क्षणी त्या ठोक्यावर उतरतो ती जागा मी कुठल्याही शिकाऊ मुलाला पहिल्या दिवशी ऐकवेन.

त्यानंतर कॅसेट आली आणि तबकडी मागे पडली. कॅसेटला क्यू पॉइंट नव्हता असे नाही. टेपवरचा तीन आकडी काउंटर शून्यावर आणून हव्या गाण्याचा आकडा कागदावर लिहून ठेवणारे मंडळाचे कार्यकर्ते अनेकांना आठवत असतील. पण तो आकडा ढोबळ होता आणि हात आवाजापासून तुटला. टेप बोटाखाली फिरत नाही. आपल्या शहरात मिरवणुकीचे संगीत तबकडीला वगळून कॅसेटवरून सीडीवर आणि सीडीवरून लॅपटॉपवर गेले. ट्रकवर तबकडी चाललीही नसती; खड्ड्यात चाक गेले की सुई उडते, आणि मोठ्या स्पीकरचा खर्ज सुईतूनच परत यंत्रात शिरून घुमू लागतो. जुन्या कर्ण्यात खर्ज नसे, म्हणून लग्नाच्या मांडवात हे संकट आले नव्हते.

झिजलेली जागा

ज्या जागी तबकडी पुन्हा पुन्हा मागे-पुढे फिरवली जाते, तिथली खाच झिजते. काही महिन्यांनी त्या ठिकाणी सू-सू असा आवाज ऐकू येतो आणि मग पहिला ठोका त्या आवाजातून वर येतो. ही झीज कमी करायला डीजे गोल टोकाची सुई वापरतात, कारण लंबगोल टोक उलट्या दिशेने खाच जास्त खरवडते. सुईचा भार तीन-चार ग्रॅमच्या आसपास ठेवतात. कमी ठेवला तर सुई उडते, जास्त ठेवला तर खाच कापते. शुअर कंपनीची एम ४४-७ ही सुई कित्येक वर्षे या कामाची मानदंड होती. २०१८ मध्ये कंपनीने या व्यवसायातून अंग काढून घेतले, तेव्हा जगभरच्या डीजेंनी साठा करून ठेवला.

जुन्या ७८ च्या लाखेच्या तबकड्यांवर मात्र यातले काहीही करू नये. त्या ठिसूळ असतात, आणि चावीच्या फोनोची स्टीलची सुई दर बाजूला बदलावी लागे इतका तिचा भार असे. त्या फक्त सरळ ऐकायच्या, आणि त्यांची डिजिटल नक्कल करून घ्यायची. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने आणि तिचे सचिव सुरेश चांदवणकर यांनी अशा तबकड्यांची माहिती जमवण्यात आणि त्या लोकांपर्यंत नेण्यात मोठे काम केले आहे. तबकडीच्या आतल्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक वाचून ती कधी, कुठल्या साच्यातून निघाली हे संग्राहक शोधतात. कारखान्याने कोरलेली ती खूण आपण जपतो. वाजवणाऱ्याने केलेली खूण मात्र स्पिरिटने पुसून तबकडी ‘स्वच्छ’ करतो. हे थांबायला हवे. कुठल्या गाण्यासमोर टिंब आहे, कुठली खाच झिजली आहे, यावरून त्या काळी या गावात लोकांना काय हवे होते ते कळते. कुठल्याही कागदी नोंदीत ते सापडणार नाही.

बटण आणि कान

२००१ मध्ये पायोनियरचे सीडीजे-१००० आले आणि क्यू पॉइंट बटणात साठवता येऊ लागला. २००४ मध्ये सेराटो स्क्रॅच लाइव्ह आले. त्यात तबकडीवर गाण्याऐवजी फक्त संकेत असतो आणि संगणक सुईची जागा ओळखून गाणे वाजवतो. रेघेची जागा पडद्यावरच्या रंगीत खुणेने घेतली. २०१० मध्ये टेक्निक्सने एसएल-१२०० चे उत्पादन थांबवले आणि मागणी परतल्यावर २०१६ मध्ये ते पुन्हा सुरू केले.

सॉफ्टवेअर गाण्याची लय स्वतः मोजते, पहिला ठोका स्वतः ठरवते. चार मात्रांच्या यंत्रसंगीतात ते सहसा चुकत नाही. पण सहा मात्रांच्या चालीत, हलगीच्या वळणात, लावणीच्या ढोलकीत ते वारंवार फसते. लय दुप्पट किंवा निम्मी धरते, खालीला सम समजते. अशा वेळी पडद्यावर विसंबणाऱ्या डीजेची उडी अर्ध्या मात्रेने चुकते. पाय थबकतात, पण काय चुकले ते त्यालाही कळत नाही. मग तो खर्ज वाढवतो. आवाजाच्या भिंती उंच होण्यामागे स्पर्धा आहे, पैसा आहे, पण ऐकण्यातली ही उणीवही आहे. ज्याला सम सापडते त्याला गर्दी हलवायला कमी आवाज पुरतो.

म्हणून मला एक मागणी करायची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवले जाते, पत्रकारिता शिकवली जाते. या विभागांनी आणि शहरातल्या संगीत विद्यालयांनी मिळून मिरवणुकीत काम करणाऱ्या डीजे मुलांसाठी तबकडीवरचा एक छोटा अभ्यासक्रम सुरू करावा. एक तबला शिक्षक, निवृत्त उद्घोषकांपैकी एखादे, आणि टर्नटेबल दुरुस्त करणारा एक कारागीर, एवढी माणसे लागतील. पहिल्या आठवड्यात फक्त ऐकणे: दहा गाणी, प्रत्येकाची सम, प्रत्येकातली उचलायची जागा, पडदा बंद ठेवून. दुसऱ्या आठवड्यात रेघ आणि फेरे मोजणे. त्यानंतर लॅपटॉप उघडायचा आणि सॉफ्टवेअरने ठेवलेल्या खुणा कानाने तपासायच्या. सोबत शहरातल्या घरांतून जुन्या तबकड्या जमवायच्या, त्यांच्या लेबलांची, फुल्या-टिंबांची छायाचित्रे काढायची आणि कुठल्या मांडवात, कुठल्या मंडळात त्या वाजल्या ते त्या घरातल्या थोरांकडून लिहून घ्यायचे. हे काम लवकर झाले पाहिजे, कारण सांगणारी माणसे वयस्कर आहेत. तबकड्या अजून माळ्यांवर आहेत, यंत्रे दुरुस्त होतात, आणि तालाचा कान असलेली मुले या शहरात गल्लोगल्ली आहेत. सुरुवात करायला एवढे पुरेसे आहे.